सोनोग्राफी नॉर्मल आली तरी ओटीपोट दुखतंय, मग आता एमआरआय करायचा का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. २३वा आठवडा चालू आहे, काही दिवसांपासून उजव्या बाजूला खाली ओटीपोटात दुखतंय, शिवाय चालताना आणि कूस बदलताना ओटीपोटाच्या खाली पुढच्या हाडात कळ येते. सोनोग्राफी झाली, रिपोर्ट नॉर्मल, तरी डॉक्टरांनी एमआरआय लिहून दिलाय. घरचे म्हणतात बाळ पोटात असताना एवढ्या मोठ्या मशीनमध्ये जायचंच कशाला, किरणं लागतील. त्यात जुनी धास्ती वेगळीच, प्रेग्नन्सी आहे हे कळायच्या आधी कमरेचा एक्सरे झाला होता, त्याने बाळाला काही झालं असेल का.

मी रेडिओलॉजिस्ट आहे, गरोदर बायकांचे स्कॅन करणं आणि रिपोर्ट लिहिणं हे रोजचंच काम, म्हणून जरा सविस्तर लिहिते. पण आधी एक गोष्ट. दुखण्याबरोबर ताप असेल, सारख्या उलट्या होत असतील, ब्लीडिंग होत असेल किंवा पाणी जात असेल, चक्कर येऊन डोळ्यापुढे अंधारी येत असेल, पोट दगडासारखं कडक राहत असेल किंवा बाळाची हालचाल कमी वाटत असेल तर हे वाचत बसू नका, आत्ता दवाखान्यात जा. बाकीचं नंतर वाचता येईल.

किरणांचं आधी मिटवून टाकू. सोनोग्राफीत आवाजाच्या लहरी असतात आणि एमआरआयमध्ये चुंबक आणि रेडिओलहरी. दोन्हीत एक्सरेवाली किरणं अजिबात नसतात, शून्य. मशीन मोठं, बोगद्यासारखं, आवाज प्रचंड, म्हणून लोकांना ते सीटी स्कॅनचंच भावंड वाटतं, पण तसं नाही. तेव्हा घरच्यांची भीती सीटीबद्दल असती तर त्यावर बोलायला काहीतरी होतं, एमआरआयबद्दल ती भीती चुकीच्या मशीनला चिकटली आहे एवढंच.

आता खरा मुद्दा. "सोनोग्राफी नॉर्मल आली" म्हणजे नेमकी कोणती सोनोग्राफी? हे मी प्रत्येक पेशंटला विचारते आणि बहुतेक वेळा उत्तर येतं की अ‍ॅनोमली स्कॅन झाला, किंवा बाळाची वाढ बघितली. अहो, ती बाळाची तपासणी झाली. बाळाचं डोकं, हृदय, मणका, वार कुठे आहे, पाणी किती आहे, हे सगळं त्यात बघतात आणि ते नॉर्मल असणं ही चांगलीच बातमी, पण आईचं पोट का दुखतंय हा प्रश्न त्या स्कॅनला कुणी विचारलेलाच नसतो. दुखण्यासाठीची सोनोग्राफी वेगळी असते. त्यात दोन्ही ओव्हरी शोधायच्या, गर्भपिशवीची भिंत सगळ्या बाजूंनी बघायची, आधीचं सिझर असेल तर टाक्यांची जागा बघायची, दोन्ही किडन्या बघायच्या, लघवीची पिशवी बघायची, अपेंडिक्स शोधायचा, पोटात मोकळं पाणी किंवा रक्त साठलंय का बघायचं, गरज वाटली तर आतून सोनोग्राफी करून गर्भपिशवीच्या तोंडाची लांबी मोजायची. २४ आठवड्यांच्या आधी ती २५ मिलिमीटरपेक्षा कमी भरली तर तोंड आखूड आहे असं धरतात आणि मग पुढचा सगळा विचार बदलतो, कारण जे "पोटात दुखतंय" वाटत होतं त्या बाळंतपणाच्या कळाही असू शकतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे प्रोब (सोनोग्राफीचं हातात धरायचं यंत्र) नेमका दुखतंय तिथे ठेवून हलकेच दाबून बघायचं. स्क्रीनवर जे दिसतंय त्याच्यावर दाबल्यावर "हां, हेच, इथेच" असं पेशंट म्हणाली की अर्धं निदान झालं. म्हणून स्कॅनला गेल्यावर एका बोटाने जागा दाखवा. पूर्ण हात पोटावर फिरवून "इथे सगळीकडेच" असं सांगितलं तर आम्हाला फारसा उपयोग होत नाही. खरंच सगळीकडे दुखत असेल तर तसं सांगा, तीही माहितीच आहे. कधीपासून, अचानक की हळूहळू, हालचाल केल्यावर की पडून राहिल्यावरही, आधी कुठलं ऑपरेशन, गर्भधारणा उपचाराने राहिली का, हे सगळं सांगा. चिठ्ठीवर नुसतं "यूएसजी पेल्विस" (ओटीपोटाची सोनोग्राफी) लिहिलेलं असतं आणि पेशंट गप्प बसते, मग आम्ही बाळ मोजून पाठवून देतो. दोष कुणाचा हे सोडा, पण घडतं असंच.

आतून सोनोग्राफीला बऱ्याच जणी नको म्हणतात, बाळाला लागेल म्हणून. प्रोब योनीमार्गातच थांबतो, गर्भपिशवीच्या तोंडातून आत जात नाही, त्याने गर्भपात होत नाही. सुरुवातीच्या आठवड्यांत तर तिच्याशिवाय नीट दिसतच नाही. वार खाली असली तरी ती किती खाली आहे हे सांगायला आतूनच जास्त अचूक कळतं, फक्त जपून करायची.

सुरुवातीच्या आठवड्यांचं थोडं सांगते, तुमची वेळ निघून गेली असली तरी वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाची असेल. पहिल्या तीन महिन्यांत ओटीपोट दुखलं, विशेषतः एका बाजूला, आणि थोडं रक्त अंगावर जात असेल तर पहिला प्रश्न एकच, गर्भ पिशवीतच आहे ना? ५ आठवड्यांच्या आसपास पिशवीत गर्भाची थैली दिसते, साडेपाचला त्यात योक सॅक (सुरुवातीला गर्भाला पोसणारी छोटी थैली), ६ आठवड्यांना ठोके. हे पिशवीत दिसलं की ट्यूबमधल्या गर्भाची भीती जवळजवळ संपते. जवळजवळ म्हणाले कारण आयव्हीएफ झालेल्यांमध्ये क्वचित एक गर्भ आत आणि एक बाहेर असंही होतं, म्हणून अशा पेशंटच्या ट्यूब आणि ओव्हरी मी जास्त वेळ बघते. पिशवीत काहीच दिसत नसेल तर बीटा एचसीजीचा, म्हणजे रक्तातल्या प्रेग्नन्सीच्या हार्मोनचा, आकडा लागतो. पूर्वी १५०० ते २००० च्या वर थैली दिसलीच पाहिजे असं धरायचे. त्यात चांगली प्रेग्नन्सीसुद्धा चुकून बाद ठरण्याचा धोका होता, म्हणून आता तो उंबरठा ३५०० पर्यंत नेलाय. त्यामुळे ४८ तासांनी परत बोलावलं तर चिडू नका, एका दिवसाच्या चित्रावर घाईने निकाल न देणं हेच बरोबर असतं. मात्र तेवढ्यात दुखणं वाढलं, खांद्याच्या टोकाला दुखायला लागलं, चक्कर आली तर ४८ तास मोजत बसायचं नाही.

ओव्हरीचा पीळ, म्हणजे टॉर्शन, हे त्याच्याच पुढचं. गरोदरपणात ओव्हरीवर कॉर्पस ल्युटियमची गाठ असते, ती नॉर्मल आहे आणि सुरुवातीला प्रेग्नन्सी टिकवणारं हार्मोन तीच पुरवते, पण मोठी झाली की ओव्हरी आपल्या देठाभोवती फिरू शकते. हे जास्त करून पहिल्या तीन महिन्यांत किंवा त्याच्या जरा नंतर, आणि उजवीकडे जास्त, कारण डावीकडे मोठं आतडं जागा अडवून बसलेलं असतं. दुखणं एकदम उठतं, बरोबर उलट्या. सोनोग्राफीत ओव्हरी सुजलेली, जागा सोडून वर किंवा मध्ये आलेली, फॉलिकल (ओव्हरीतल्या बारीक पाण्याच्या पिशव्या) कडेला ढकललेले, आणि नशीब असेल तर देठ पिळलेल्या ओल्या कपड्यासारखा वळलेला दिसतो. इथे एक सापळा आहे तो सांगायलाच हवा. डॉप्लरमध्ये, म्हणजे रक्ताचा प्रवाह रंगात दाखवणाऱ्या सोनोग्राफीत, रक्तपुरवठा दिसला म्हणजे पीळ नाही, असं नाही. ओव्हरीला दोन ठिकाणांहून रक्त येतं आणि सुरुवातीला शीर दबते, धमनी चालूच असते, त्यामुळे रंग दिसतात आणि ओव्हरी तरी मरत असते. रिपोर्टमध्ये "फ्लो नॉर्मल" आहे पण पेशंट वेदनेने वाकलेली आहे, तर मी रंगावर नाही पेशंटवर विश्वास ठेवते.

गर्भपिशवीत फायब्रॉइडची गाठ असेल तर दुसऱ्या तीन महिन्यांत तिचा रक्तपुरवठा कमी पडून आत रक्तस्राव होतो, त्याला रेड डीजनरेशन म्हणतात. बरोबर गाठीवरच दुखतं, कधी बारीक तापही येतो. भीतीदायक वाटतं पण बहुतेक वेळा आराम आणि वेदनाशामक गोळ्यांवर निभावतं. गोळी मात्र डॉक्टरांना विचारूनच, आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक जातीच्या गोळ्या २० आठवड्यांनंतर मनाने घ्यायच्या नाहीत, बाळाचं पाणी कमी होऊ शकतं.

आता तुमच्या उजव्या बाजूकडे येऊ. २३ आठवड्यांना उजवीकडे खाली दुखणं, यातलं सगळ्यात साधं कारण म्हणजे गर्भपिशवीला धरून ठेवणारे राउंड लिगामेंट ताणले जाणं. पटकन उठलं, शिंकलं, वळलं की सुईसारखी चमक येते आणि जाते. हे कुठल्याच स्कॅनमध्ये दिसत नाही, बाकीचं नाही हे ठरलं की मगच त्याच्यावर शिक्का मारायचा. लघवीतलं इन्फेक्शन हे दुसरं साधं कारण, आणि माझ्या मते कुठल्याही स्कॅनच्या आधी लघवीची तपासणी झालीच पाहिजे, स्वस्त आहे, लगेच होते आणि कितीदा उत्तर तिथेच मिळतं.

पण ज्याच्यासाठी एमआरआय लिहून देतात ते मुख्यतः अपेंडिक्स. गरोदरपणात बाळंतपणाशी संबंध नसलेल्या कारणाने तातडीचं ऑपरेशन लागतं त्यात अपेंडिक्स पहिल्या नंबरवर आहे. आणि निदान अवघड, कारण सगळी नेहमीची लक्षणं गरोदरपणात गोंधळ घालतात. मळमळ, उलट्या तशाही असतात. पांढऱ्या पेशी गरोदरपणात तशाही वाढलेल्या असतात, १५-१६ हजारांपर्यंत नुसत्या प्रेग्नन्सीनेही जातात. गर्भपिशवी वाढते तसा अपेंडिक्स वर आणि बाजूला सरकू शकतो, पोटाची भिंत त्याच्यापासून लांब गेलेली असते म्हणून दाबल्यावर पोट आवळतंच असं नाही. सोनोग्राफीत सुजलेला, ६ मिलिमीटरपेक्षा जाड, दाबल्यावर न दबणारा अपेंडिक्स दिसला तर प्रश्नच मिटला, एमआरआयची गरज नाही, सर्जनकडे जायचं. अडचण अशी की दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीत तो बहुतेक वेळा दिसतच नाही. पिशवी मध्ये, आतड्यात हवा, आणि प्रोबने खोल दाबता येत नाही. मग आम्ही रिपोर्टमध्ये लिहितो "अपेंडिक्स नॉट व्हिज्युअलाइज्ड". याचा अर्थ अपेंडिक्स नॉर्मल आहे असा नाही, याचा अर्थ दिसला नाही एवढाच! खाली "नो सिग्निफिकंट अ‍ॅबनॉर्मलिटी" असं लिहिलेलं असतं ते घरचे वाचतात, आणि ही मधली ओळ कुणी वाचत नाही.

तिथे एमआरआय कामाला येतो. कॉन्ट्रास्टशिवाय (फोटो उठून दिसावेत म्हणून शिरेतून देतात त्या औषधाशिवाय) केला तरी अपेंडिक्सची सूज ओळखण्यात तो नव्वद टक्क्यांच्या वर बरोबर ठरतो, आणि तितकंच महत्त्वाचं म्हणजे अपेंडिक्स नॉर्मल दिसला तर एक विनाकारण ऑपरेशन वाचतं. वर ओव्हरी, किडनी, आतडी, वार, हाडं हेही त्याच फेरीत दिसतं. अपेंडिक्स फुटला तर बाळ गमावण्याचा धोका साध्या सुजेपेक्षा कितीतरी पटींनी जास्त असतो, म्हणून "बाळासाठी स्कॅन टाळू" म्हणून दोन दिवस थांबणं हे बाळासाठीच वाईट ठरू शकतं. हा हिशोब घरच्यांना जरूर सांगा. आणि एमआरआय लगेच मिळत नसेल आणि पेशंट बिघडत चालली असेल तर सीटी करणं किंवा सर्जनने सरळ दुर्बिणीतून बघणं हेही योग्यच आहे, मशीनची वाट बघत बसणं योग्य नाही. तुमचं दुखणं आता काही दिवसांचं आहे, ताप नाही, जेवण जातंय असं असेल तर अपेंडिक्सची शक्यता कमी होते पण शून्य होत नाही, आणि तुम्हाला हात लावून तपासलेल्या डॉक्टरांना काहीतरी खटकलंय म्हणूनच त्यांनी लिहिलंय. त्यांना सरळ विचारा, "तुम्हाला नेमकी कसली शंका आहे?" या एका प्रश्नाच्या उत्तरावर स्कॅन करायचा की नाही आणि आज की पुढच्या आठवड्यात हे दोन्ही ठरतं. उत्तर "अपेंडिक्स" असेल तर आजच. उत्तर "हाडाचं दुखणं वाटतंय, बघून घेऊ" असेल तर घाई नाही, कदाचित गरजही नाही.

किडनीचं एक सांगून टाकते कारण यावरून फार घबराट होते. गरोदरपणात उजवी किडनी थोडी फुगलेली दिसणं हे इतकं कॉमन आहे की न दिसली तर मीच परत बघते. गर्भपिशवी उजवीकडे कललेली असते, लघवीची नळी ओटीपोटाच्या कडेवर दाबली जाते, हार्मोनने ती सैलही पडते. रिपोर्टमध्ये "माइल्ड राइट हायड्रोनेफ्रोसिस" वाचून खडा आहे असं समजू नका. खड्याची शंका कधी येते, तर दुखणं कमरेतून जांघेकडे लाटांसारखं येतं, लघवीत रक्त असतं, नळी ओटीपोटाच्या कडेच्याही खालपर्यंत फुगलेली दिसते, किंवा लघवीच्या पिशवीत त्या बाजूच्या नळीतून येणारी धार डॉप्लरवर दिसत नाही. धार बघताना पेशंटला उलट्या कुशीवर वळवून बघायची, नाहीतर नुसत्या दाबामुळेही ती दिसत नाही.

वार सुटण्याबद्दल मात्र उलटी गोष्ट. पोट सतत कडक आणि दुखरं, कधी ब्लीडिंग कधी नाही, अशा वेळी सोनोग्राफीत वारेच्या मागे गुठळी दिसली तर निदान पक्कं, पण न दिसली तर काहीच सिद्ध होत नाही. ताजं रक्त वारेसारखंच दिसतं, आणि निम्म्याहून जास्त वेळा सोनोग्राफी ते चुकवते. इथे पेशंटची तपासणी आणि बाळाच्या ठोक्यांचा ग्राफ मोठा, माझी सोनोग्राफी लहान. नॉर्मल रिपोर्ट हातात घेऊन कुणी अशा बाईला घरी पाठवू नये.

आता पुढच्या हाडाचं दुखणं, जे मला तुमच्या बाबतीत जास्त खरं वाटतंय. चालताना, जिने चढताना, एका पायावर उभं राहून सलवार घालताना, रात्री कूस बदलताना, गाडीतून उतरताना पाय फाकवला की पुढच्या जोडात, जांघेत किंवा मागे कमरेच्या खाली दोन खळ्यांपाशी कळ येणं, हे पेल्विक गर्डल पेन. साधारण पाचातल्या एका गरोदर बाईला होतं. आणि याचं निदान हाताने होतं, मशीनने नाही. उताणं झोपवून गुडघा वाकवून मांडीतून खाली दाब देऊन बघतात, पाय सरळ ठेवून उचलायला सांगतात, पुढच्या जोडावर बोट दाबतात. अनुभवी फिजिओथेरपिस्ट हे काही मिनिटांत सांगतो. स्कॅन कशाला नको? तर पुढच्या जोडातली फट एरवी ४-५ मिलिमीटर असते, गरोदरपणात ती सगळ्यांचीच २-३ मिलिमीटरने वाढते, आणि फट किती आणि दुखतं किती याचा फारसा मेळ बसत नाही. ८ मिलिमीटरवाली पळत असते आणि ६ वाली पलंगावरून उठू शकत नाही. मग मी मोजून आकडा दिला तर त्या आकड्याचं करणार काय? उपचार तोच, व्यायाम, पट्टा, झोपताना गुडघ्यांमध्ये उशी, दोन्ही पाय जुळवून उतरणं. उलट "जोड उघडलाय" असं रिपोर्टमध्ये वाचून बायका चालणंच बंद करतात, हे नुकसान मी पाहिलंय. १० मिलिमीटरच्या वर फट गेली, चालताच येत नाही, किंवा बाळंतपणात "काहीतरी तुटल्यासारखा" आवाज होऊन दुखायला लागलं, तर मात्र मोजायचं.

हाडासाठी एमआरआय लागतो तो काही ठरावीक वेळी. शेवटच्या तीन महिन्यांत जांघेत खोल दुखतं, त्या पायावर वजन टाकताच येत नाही, लंगडत चालावं लागतं, तेव्हा खुब्याचा तात्पुरता हाड विरळ होण्याचा आजार असू शकतो. एक्सरेत तो उशिरा दिसतो, एमआरआयमध्ये हाडाच्या मगजात सूज लगेच दिसते. महत्त्वाचं अशासाठी की वजन टाकत राहिलं तर खुब्याचं हाड मोडू शकतं, आणि कुबडी देऊन वजन काढून घेतलं तर बाळंतपणानंतर काही महिन्यांत आपोआप भरून येतो. माकडहाडाच्या वर, सेक्रममध्ये, बारीक फ्रॅक्चर, जोडात जंतुसंसर्ग, किंवा मणक्याची गादी सरकून पाय बधिर होणं, लघवी-संडासवरचा ताबा जाणं, यातही एमआरआय हवाच. शेवटच्या दोन गोष्टी तर त्याच दिवशीच्या आहेत.

आणि एक दुखणं हाडाचं वाटतं पण शिरेचं असतं. डावी जांघ, डावा नितंब किंवा ओटीपोटाची डावी बाजू दुखते, पूर्ण पाय सुजतो, रंग बदलतो. गरोदरपणात रक्ताच्या गुठळ्या डावीकडेच जास्त होतात कारण डावी मोठी शीर उजव्या धमनीखाली दबते. पायाचा डॉप्लर नॉर्मल आला तरी गुठळी वर ओटीपोटातल्या शिरेत असू शकते, तिथे प्रोब पोचत नाही, मग कॉन्ट्रास्टशिवाय एमआर व्हेनोग्राफी, म्हणजे शिरांचा एमआरआय. तोवर डॉक्टर गुठळीवरचं, रक्त पातळ ठेवणारं इंजेक्शन सुरू करून ठेवतात, ते बरोबरच.

आता तुमचा जुना एक्सरे. कमरेच्या एक्सरेत गर्भापर्यंत पोचणारा डोस साधारण १ ते १० मिलिग्रे (किरणांचा डोस मोजायचं एकक) धरतात. नऊ महिन्यांत नुसतं पृथ्वीवर राहून नैसर्गिक किरणांचा जवळपास अर्धा ते १ मिलिग्रे बाळाला मिळतोच. व्यंग किंवा मेंदूवर परिणाम दिसण्याची पातळी ५० ते १०० मिलिग्रेच्या पुढे सुरू होते, आणि १०० च्या खालच्या डोससाठी गर्भपाताचा विचार करू नये असं किरणसुरक्षेचं आंतरराष्ट्रीय कमिशन स्पष्ट सांगतं. त्यातून गर्भधारणेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत नियम असा की मोठा डोस बसला तर गर्भ टिकत नाही, आणि टिकला तर तो नीटच वाढतो. तुमचा टिकलाय, २३ आठवड्यांचा झालाय आणि बाळाची सोनोग्राफी नॉर्मल आहे. ही धास्ती आता सोडून द्या.

सीटीचं वेगळं आहे. ओटीपोटाच्या सीटीत १० ते ५० मिलिग्रे जाऊ शकतात. तरीही व्यंगाची पातळी सहसा ओलांडत नाही, पण १० ते २० मिलिग्रेने पुढे बालपणी रक्ताचा कॅन्सर होण्याची शक्यता थोडी वाढते, ३००० मुलांत १ असते ती साधारण २००० त १ होते असं धरतात. किरणांची ही धास्ती काही उगाच नाही आली. एकेकाळी बाळंतपणाआधी आईच्या कटीचं माप घ्यायला सर्रास एक्सरे काढायचे, ब्रिटनमध्ये डॉक्टर अ‍ॅलिस स्टुअर्ट यांनी १९५० च्या दशकात कॅन्सर झालेल्या मुलांच्या आयांना प्रश्न विचारून तो संबंध दाखवला, तेव्हा कुणी मानायलाही तयार नव्हतं. साधारण त्याच काळात, १९५८ मध्ये, स्कॉटलंडमधल्या ग्लासगोचे डॉक्टर इयन डोनाल्ड पोटातल्या गाठी अल्ट्रासाउंडने बघता येतात हे छापत होते. गरोदर बाईसाठी एक्सरे मागे पडून सोनोग्राफी पुढे आली त्यामागे या दोघांचाही हात आहे. अपघात झाला, आत रक्तस्राव असेल, तर मात्र सीटी हाच जीव वाचवतो आणि तिथे हा २००० तला १ आडवा आणायचा नाही. जाता जाता, पोटावर शिशाचा एप्रन मागायची गरज नाही, आत विखुरलेली किरणं त्याने अडत नाहीत आणि २०१९ पासून अमेरिकेतल्या मेडिकल फिजिसिस्टांच्या संघटनेनेही तो रोजच्या वापरातून काढायला सांगितलंय. पेशंटला बरं वाटतं म्हणून काही ठिकाणी अजून देतात.

एमआरआय करायचं ठरलं तर काय विचारायचं? कॉन्ट्रास्ट देणार का हे आधी विचारा. एमआरआयचं कॉन्ट्रास्ट म्हणजे गॅडोलिनियम, ते वारेतून बाळाकडे जातं, बाळाच्या लघवीतून पाण्यात येतं आणि तिथेच फिरत राहतं. कॅनडाच्या ओंटारिओतल्या १४ लाखांहून जास्त जन्मांच्या नोंदींचा अभ्यास २०१६ मध्ये छापून आला, त्यात पहिल्या तिमाहीतल्या साध्या एमआरआयने बाळाला अपाय दिसला नाही, पण गॅडोलिनियम दिलेल्यांत मृत जन्म आणि त्वचेचे-सांध्यांचे काही त्रास जास्त आढळले. त्यामुळे ओटीपोट दुखण्यासाठी सहसा ते द्यायचंच नसतं आणि गरजही पडत नाही. सीटीचं आयोडीनवालं कॉन्ट्रास्ट मात्र गरज असेल तर देतात, जन्मानंतर बाळाचं थायरॉइड तपासतात तेवढं पुरतं. स्तनपान दोन्हीनंतर चालू ठेवता येतं.

टेबलावर उताणं झोपवलं तर पिशवीच्या वजनाने मोठी शीर दबून चक्कर येते, २० आठवड्यांनंतर डाव्या कुशीकडे थोडं कलतं करून उशी लावून घ्या, टेक्निशियनला सांगायला लाजू नका. कानात बोळे किंवा हेडफोन हवेतच. दागिने, पिना, हूक काढा, शरीरात पेसमेकर, क्लिप, कुठला धातू असेल तर आधी सांगा. स्कॅन साधारण अर्ध्या तासात संपतो, बाळ हललं तर काही फोटो परत घ्यावे लागतात, त्यात काळजीचं काही नाही. बंद जागेची भीती वाटत असेल तर पाय आधी आत घालूनही करता येतं. आणि चिठ्ठीवर "पोटदुखी" एवढंच नको, "२३ आठवडे, उजवीकडे खाली दुखणं, अपेंडिक्स आणि ओव्हरी बघा, पुढच्या जोडातही दुखतं" असं डॉक्टरांकडून लिहून घ्या, कारण कोणते फोटो काढायचे हे त्या ओळीवरून ठरतं.

रिपोर्ट हातात आल्यावर त्यात सिम्फिसिसमध्ये (पुढच्या जोडात) हलकी सूज, सेक्रोइलिअक जोडात (मागे कमरेखालच्या) सूज, उजवी किडनी थोडी फुगलेली, थोडंसं पाणी, ओटीपोटातल्या शिरा फुगलेल्या असं काय काय लिहिलेलं असेल. २३ आठवड्यांना यातलं जवळजवळ सगळं न दुखणाऱ्या बायकांमध्येही दिसतं. तुम्हाला बघायचंय ते एवढंच, अपेंडिक्स दिसला का आणि तो नॉर्मल आहे का, दोन्ही ओव्हरी दिसल्या का, खुबे ठीक आहेत का. या तीन ओळी रिपोर्टमध्ये नसतील तर फोन करून विचारा, आम्ही परत फोटो उघडून बघतो आणि पुरवणी रिपोर्ट देतो, त्यात कुणाला राग येत नाही. तिन्ही ठीक असतील तर फिजिओकडे जा, आणि पंधरा दिवसांत उतार नसेल किंवा दुखण्याची जात बदलली तर परत दाखवा.